इंग्रजी कवितेचा मीटर (छंदाचं माप) कसा ओळखावा

कागद, पेन्सिल, शब्दकोश आणि एकच ओळ घ्या. थॉमस ग्रेच्या १७५१ सालच्या एलिजीची (शोककवितेची) पहिली ओळ सुरुवातीला उत्तम: 'द कर्फ्यू टोल्ज द नेल ऑव्ह पार्टिंग डे'.

१. सिलेबल, म्हणजे एका दमात उच्चारले जाणारे शब्दाचे तुकडे, मोजा. दहा भरतात. स्पेलिंगकडे बघू नका, उच्चार ऐका. 'टोल्ज' हा एकच सिलेबल आहे.

२. जोर कुठे पडतो ते शोधा. खरं काम इथे आहे आणि मला सर्वांत जास्त वेळ याच पायरीला लागला. आपल्याकडे सर्रास सांगतात की इंग्रजी छंदाच्या गटांपैकी आयम्ब म्हणजे लघु-गुरू, ट्रोकी म्हणजे गुरू-लघु, डॅक्टिल म्हणजे आपला भगण (गुरू-लघु-लघु). हा सल्ला विसरा. आपल्या वृत्तांत अक्षराची लांबी मोजतात. आयम्ब, ट्रोकी ही नावं ज्या ग्रीक छंदांतून आली, त्यांतही लांबीच मोजत. इंग्रजी छंद मात्र आघातावर, म्हणजे जोरावर चालतो. 'सिटी', 'मनी', 'बिझी' हे शब्द घ्या. मराठी कानाला तिन्ही लघु-गुरू, म्हणजे आयम्ब वाटतात. प्रत्यक्षात तिन्हींत जोर पहिल्या सिलेबलवर आहे, म्हणजे ट्रोकी. उत्तर थेट उलटं येतं! ग्रेच्या ओळीतही 'फ्यू' लांब असला तरी जोर 'कर्'वरच आहे.

स्वतःच्या उच्चारावरही विसंबू नका. 'हॉटेल', 'इव्हेंट', 'डेव्हलप' हे शब्द आपण पहिल्या सिलेबलवर जोर देऊन बोलतो. प्रमाण इंग्रजीत तो दुसऱ्यावर असतो. 'रेकॉर्ड' नाम असेल तर जोर आधी, क्रियापद असेल तर नंतर. रोजच्या बोलण्यात यानं काही अडत नाही, छंद मात्र पार कोलमडतो. म्हणून एकाहून जास्त सिलेबल असलेला प्रत्येक शब्द शब्दकोशात बघाच, येत असला तरी. उच्चार दिलेला असतो तिथे जोराच्या सिलेबलआधी, वरच्या बाजूला, बारीक उभी रेघ असते. एका सिलेबलच्या शब्दांत नाम, क्रियापद, विशेषण यांना सहसा जोर मिळतो; 'द', 'ऑव्ह', 'अँड', 'टू' हलके जातात, अगदी पुसट.

आणि कृपा करून टाळ्या वाजवत मोजू नका. टाळी ठरावीक अंतरानं पडते आणि शब्दाला तिच्यामागे फरफटत नेते. ओळ आधी बातमी वाचल्यासारखी, गद्य म्हणून मोठ्यानं वाचा. मग खुणा करा: कर्, टोल्ज, नेल, पार्, डे.

३. गट पाडा. हलका-जोरदार अशा पाच जोड्या पडल्या, म्हणजे आयम्बिक पेंटामीटर. शेक्सपिअरची सुनीतंही बहुतेक याच मापात आहेत. जोरदार-हलका असेल तर ट्रोकी. दोन हलके आणि एक जोरदार असेल तर अॅनापेस्ट.

४. जिथे माप मोडतं तिथे थांबा. कीट्सनं १८१९ साली शरदावर लिहिलेल्या कवितेची पहिली ओळ बघा: 'सीझन ऑव्ह मिस्ट्स अँड मेलो फ्रूटफुलनेस'. टाळीच्या हिशेबानं जोर 'झन'वर यायला हवा, पण तसं कुणी बोलत नाही. पहिली जोडी उलटी आहे आणि ओळीचा उरलेला भाग आयम्बिकच चालतो. आपल्या गणवृत्तात ठरलेला गण असा उलटा करता येत नाही, म्हणून आपण लगेच कवीची चूक धरतो किंवा स्वतःचं मोजणं चुकलं असं समजतो. दोन्ही खरं नाही. इंग्रजीत अशी उलटापालट, विशेषतः ओळीच्या आरंभी, नेहमीची आहे. तिच्यामुळेच ऋतूचं नाव घेताना आवाज पहिल्याच शब्दावर ठाम उतरतो. माप तेच राहतं, लय मात्र ओळीगणिक बदलते. वाचायची ती लय.

यानंतर ब्लेकची १७९४ सालची वाघावरची कविता घ्या. 'टायगर टायगर, बर्निंग ब्राइट' यात चार ट्रोकी आहेत, फक्त शेवटचा हलका सिलेबल गाळलेला. त्याच कडव्याची चौथी ओळ मात्र हलक्या सिलेबलनं सुरू होते. ती स्वतः मोजून बघा.