कोकणातल्या घराला सोलर आणि बॅटरी: आधी अंधार मोजा

मी सिंधुदुर्गात वायरिंगची आणि सोलरची कामं करतो. घर बघायला गेलो की चहाच्या आधी प्रश्न येतो, "लायट गेली काय सोलर चालतला मां?" साध्या ऑन-ग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट लाइनला जोडलेल्या सिस्टिमचं उत्तर 'नाही' असं आहे. वर रणरणतं ऊन असलं तरी लाइट गेली की ऑन-ग्रिड इन्व्हर्टर बंद होतो, आणि तो व्हायलाच हवा. नाहीतर तुमच्या छपरावरची वीज उलटी लाइनवर जाईल आणि पोलवर चढलेला वायरमन मरेल. लाइट गेल्यावरही घर चालू राहायला हवं असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर (पॅनेल, बॅटरी आणि लाइन तिन्ही सांभाळणारा) आणि बॅटरी लागते.

म्हणून दोन हिशेब पहिल्यापासून वेगळे ठेवा. पॅनेल किती लागतील ते बिलावरून ठरतं. बॅटरी केवढी लागेल ते अंधारावरून. 'पाच किलोवॅटचं पॅकेज' म्हणून दोन्ही एकत्र गळ्यात मारायला आला कोणी, तर त्याला आधी हे दोन आकडे सुटे करून मागा.

पॅनेलचा हिशेब सोपा आहे. बारा महिन्यांच्या बिलांतल्या युनिटांची बेरीज करा आणि १,३०० ने भागा, कारण आपल्याकडे एक किलोवॅट वर्षाला साधारण तेवढी युनिटं देतं. २,६०० युनिटं जळत असतील तर दोन किलोवॅट पुरे. किलोवॅटला शंभरेक चौरस फूट जागा धरा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,००० मिळतात. त्यापुढे कितीही लावा, अनुदान ७८,०००च. अर्ज योजनेच्या पोर्टलवर करायचा, व्हेंडर नोंदणीकृत हवा आणि पॅनेल देशी सेलची, म्हणजे डीसीआर. बॅटरीला यात एक रुपयाही नाही. नेट मीटर बसला की दिवसाची जादा वीज महावितरणकडे जमा होते आणि रात्रीच्या वापरातून वजा होते. त्यामुळे नुसतं बिल वाचवायला बॅटरी घेऊ नका. आणि स्थिर आकार भरावाच लागतो, बिल अगदी शून्य होत नाही.

आता अंधार. लाइट नसताना काय चाललंच पाहिजे ते कागदावर लिहा. घरातल्या बाईमाणसाला विचारून लिहा, पुरुषमंडळी टीव्ही आधी सांगतात आणि फ्रिज विसरतात. ३० वॅटचे तीन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे दहा तास, ०.९ युनिट. नऊ वॅटचे सहा दिवे पाच तास, पाव युनिटाच्या थोडं वर. वायफाय दिवसभर, पाव युनिट. फ्रिज सव्वा युनिट धरा. टीव्ही-मोबाइल मिळून ०.३. सगळं झालं तीनच्या आत. ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी पाच युनिटांची असते, हाताला साडेचार लागतात. म्हणजे असं घर दीड दिवस निघालं. साधे पंखे ७५ वॅटचे असतात, तेव्हा बॅटरी वाढवण्याआधी पंखे बदला, ते स्वस्त पडतं. गीझर, इस्त्री, मिक्सर यादीत नको. विहिरीचा एक एचपी पंप सुरू होताना चालू करंटच्या कितीतरी पट ओढतो. तो लाइट असताना किंवा भर उन्हात चालवा.

ट्यूब्युलर, म्हणजे पाणी घालायची शिशाची बॅटरी स्वस्त, पण १२ व्होल्ट १५० अँपिअर-अवर म्हणजे कागदावर १.८ युनिटं आणि त्यातली निम्मीच वापरायची, वर डिस्टिल्ड वॉटर घालत बसायचं. मी आता लिथियमच सांगतो. बॅटरी माजघरात किंवा आतल्या भिंतीवर लावा. पावसाची झड येणारी पडवी नको, चुलीची भिंतही नको.

पुढचं काम वायरमनचं, पण त्याच्या बाजूला उभं राहून करून घ्या. यादीतल्या वस्तूंसाठी वेगळी डीबी (ब्रेकरची पेटी) बसते आणि ती इन्व्हर्टरच्या बॅकअप आउटपुटवर जोडतात. जुन्या घरांत इथेच घोळ असतो. फेज वेगळा काढलेला असतो, पण न्यूट्रल दोन-तीन खोल्यांत मिळून एकच फिरवलेला असतो. बॅकअपचा न्यूट्रल मेनच्या न्यूट्रलला कुठेही लागता कामा नये, नाहीतर आरसीसीबी (करंट गळला की पडणारा सेफ्टी स्विच) सारखा पडत राहील आणि दोष इन्व्हर्टरला लागेल. स्विचबोर्ड उघडून एकेक न्यूट्रल शोधावा लागतो, त्यात पूर्ण दिवस जातो. जाऊ दे.

कौलारू घरावर पॅनेलचा हूक वाशावर बसला पाहिजे, रिपेवर नाही. वरचं कौल उचलायचं, वाशात स्क्रू मारायचे, हुकाचा दांडा जिथून बाहेर येतो तिथे कौलाची कड ग्राइंडरने थोडी खायची आणि कौल परत बसवायचं. ते न खाता दाबून बसवलं तर कौल अधांतरी राहतं आणि जूनच्या पहिल्या सरीला वाशावर पाणी येतं. त्याच छापाची कौलं शिल्लक ठेवा, केडली (माकडं) नाचली की लागतात. पॅनेल दक्षिणेला तोंड करून, १५ अंशांच्या आसपास. माडाखाली तर मुळीच नको. नारळ पडला की काच गेली, आणि झावळीची सावलीसुद्धा सगळ्या स्ट्रिंगचा (एकापुढे एक जोडलेल्या पॅनेलांचा) करंट खाली ओढते. सावली डिसेंबरात बघा, सकाळी नऊ ते तीन, कारण तेव्हा सूर्य दक्षिणेला कललेला असतो. समुद्राजवळ स्ट्रक्चर हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवलेलं) आणि नटबोल्ट स्टेनलेसचे, यात काटकसर नाही. मे २०२१ चं तौक्ते वादळ इथल्या लोकांना सांगायला नको.

अर्थिंग तीन: डीसी (पॅनेलकडचं), एसी (घराकडचं) आणि लायटनिंग अरेस्टर (पडलेली वीज जमिनीत नेणारा), तिघांचे खड्डे वेगळे. जांभा पाणी धरत नाही, म्हणून खड्डे न्हाणीच्या सांडपाण्याजवळ किंवा माडाच्या अळ्याशी घ्या. रीडिंग पाच ओहमच्या आत हवं आणि ते शक्यतो मे महिन्यात, माती कोरडी असताना, तुमच्यासमोर मोजलेलं हवं. वळवाच्या विजांनी इन्व्हर्टर जातात, त्यासाठी डीसी आणि एसी दोन्हीकडे एसपीडी (विजेचा झटका अडवणारं उपकरण) लावून घ्या.

काम संपल्यावर संध्याकाळी मेन स्विच पाडून बघा. पंखे, फ्रिज चालू राहिले तरच सही करा. अॅपचा पासवर्ड, पॅनेलचे सीरियल नंबर आणि वॉरंटीचे कागद त्याच दिवशी मागून घ्या.

एक सेटिंग मात्र स्वतः शिका: बॅटरी किती टक्क्यांवर राखून ठेवायची आणि लाइनवरून चार्ज करायची की नाही. पावसाळ्यात लाइट जाते तेव्हाच आभाळही भरलेलं असतं, पॅनेल नावापुरतं देतात. मृग लागण्याआधी राखीव ७० टक्क्यांवर न्या आणि लाइनवरून चार्जिंग चालू ठेवा. दिवाळीनंतर ३० वर आणली तरी चालते. रस्त्याचा तांबडा धुरळा जानेवारीपासून पॅनेलवर बसतो; पंधरा दिवसांनी पहाटे, काच थंड असताना, साध्या पाण्याने धुवा. साबण नको, भर उन्हात तर नकोच.