रातांब्याची एक पाटी: अमृत कोकम, आगळ आणि आमसुलं घरी करताना

रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकतात ते नेमके आंब्याच्या धांदलीत, म्हणून घरात त्यांच्याकडे जरा दुर्लक्षच होतं. आंब्याला पेटी, पेंढा, पाहुण्यांचं कौतुक. रातांबा झाडाखाली पडून राहतो, आणि त्याच्याकडे थांबायला वेळही नसतो. एप्रिलच्या मध्यापासून मे संपेपर्यंत जे काय करायचं ते करून घ्यायचं. जूनच्या पहिल्या आठवड्यात मृगाची सर आली की फळाला पाणी लागतं, साल सडायला लागते आणि अंगणात वाळत घातलेल्या आमसुलांवर बुरशी धरते. कोकणातल्या घरांतून आजी मे महिन्यात दुपारची झोप का घेत नसे, हे एकदा रातांबे हातात घेतले की कळतं.

कृती आता कुठेही वाचायला मिळतात. आजीकडून घेण्यासारखी गोष्ट आहे ती वाटणी. कुठली साल साखरेत जाणार, कुठली उन्हात, गराचा रस कशाला लागणार आणि बिया कुठे ठेवायच्या, हे फळ फोडायच्या आधी ठरलेलं असायचं. त्यामुळे पाटीत शेवटी टाकण्यासारखं काही उरत नसे. खालची कृती त्याच हिशेबाने लिहिली आहे. माप ६ किलो फळांचं आहे. शहरातल्या स्वयंपाकघरात एका वेळी एवढं झेपतं.

फळं आणि भांडी

फळ पूर्ण पिकलेलं, गडद लाल ते जांभळट रंगाचं हवं. देठाकडे हिरवी-पिवळी झाक असलेली फळं एक-दोन दिवस पसरून ठेवली की रंग धरतात. फुटलेली, भोक पडलेली, आंबूस वास येणारी फळं पहिल्या फेरीतच बाजूला काढा, दया दाखवू नका. मंडईत आलेले रातांबे प्रवासात चेमटलेले असतात. गावाहून कुणी येणार असेल तर त्यांना पिशवीऐवजी खोक्यात आणायला सांगा.

फळं धुवायची ती अख्खी असताना आणि एकदाच. मग सुती पंचावर पसरून पंख्याखाली पूर्ण कोरडी होऊ द्या, त्यानंतरच सुरी लावा. पुढे कुठल्याही टप्प्यावर पाण्याचा थेंब यात जाता कामा नये. ओल्या हाताने बरणीला हात लावला म्हणून आम्ही मुलांनी बोलणी खाल्ली आहेत, आणि ती रास्त होती. साखर आणि मीठ जंतूंना वाढू देत नाहीत ते पाणी बांधून ठेवतात म्हणून. वरून पाणी पडलं की पृष्ठभागावर पातळ थर तयार होतो आणि बुरशी तिथेच सुरू होते.

भांडी चिनी मातीची, काचेची किंवा चांगल्या स्टीलची. रातांबा भलता आंबट. तांबं, पितळ, लोखंड, ॲल्युमिनियम यांच्याशी त्याचं जमत नाही, रस काळवंडतो आणि धातू रसात उतरतो. विळीचं लोखंडी पातंही टाळा, स्टीलची सुरी घ्या. जुने कपडे घाला. हा रंग सुती कपड्यावर पडला की कायमचा राहतो.

फोडणं आणि वाटणी

१ किलो फळं आगळासाठी, म्हणजे मिठात सुटलेल्या रसासाठी, अख्खी बाजूला ठेवा. उरलेल्या ५ किलोंचे आडवे दोन भाग करा. आत पांढरट गरात गुरफटलेल्या बिया असतात, साधारण पाच ते आठ. अंगठ्याने गर आणि बिया एका पातेल्यात काढा. हातात साल राहील, छोट्या वाटीसारखी. सालीचं वजन फळाच्या निम्म्याच्या आसपास भरतं, म्हणजे अडीच किलोच्या जवळपास.

आता सालीची निवड. ज्या वाट्या अखंड, जाड आणि सगळ्यात गडद आहेत, त्यातल्या १ किलो अमृत कोकमासाठी, म्हणजे सरबताच्या अर्कासाठी. फाटक्या, पातळ, फिकट सगळ्या आमसुलांसाठी, कारण आमसुलाला रंग गराच्या रसातूनही मिळणार आहे. गर आणि बियांचं पातेलं झाकून ठेवा, ते लागणार आहे.

अमृत कोकम

१ किलो सालीला २ किलो साखर. हे प्रमाण वाचून पुष्कळजण दचकतात आणि साखर निम्मी करतात. तिथेच सरबत फसतं. सालीत ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. २ किलो साखर घातली की त्या पाण्याच्या मानाने साखरेचं प्रमाण सत्तर टक्क्यांच्या घरात जातं आणि त्यात बुरशी-किण्व तग धरत नाहीत. १ किलोच घातली तर ते पंचावन्नवर येतं. त्यात आंबवणारे किण्व खुशाल जगतात, आणि महिन्याभरात बाटलीचं झाकण फुगतं. साखर कमी हवी असेल तर ती पेल्यात कमी करा, पाणी जास्त घालून. बरणीत नको. फारच वाटलं तर थोडं करा आणि फ्रिजमध्ये ठेवून महिना-दोन महिन्यांत संपवा.

बरणी कडक उन्हात तापवून कोरडी करून घ्या. तळाशी मूठभर साखर पसरा. आता प्रत्येक वाटीत साखर भरायची, अगदी काठोकाठ, आणि ती वाटी तोंड वर करून बरणीत बसवायची. एक थर झाला की वर साखर, मग दुसरा थर. नुसती साल आणि साखर एकत्र कालवूनही सरबत होतं, पण वाटी भरली की साखर सालीच्या आतल्या मऊ बाजूला थेट भिडते आणि रस लवकर सुटतो. शेवटचा थर साखरेचाच असू द्या, एकही साल उघडी राहू नये.

तासाभरात वाटीच्या कडेची साखर गुलाबी होते. संध्याकाळपर्यंत ती ओली होऊन खचते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बरणी चार बोटं खाली बसलेली दिसते. तळाशी माणकासारखा रस साठलेला असतो. आत पाण्याचा थेंब न घालता हा रस निघतो.

बरणीच्या तोंडाला पातळ कापड बांधा आणि उन्हात ठेवा. गॅलरीत तीन-चार तास ऊन मिळालं तरी चालतं, फक्त दिवस जास्त लागतात. अंगणात ७-८ दिवस पुरतात, गॅलरीत १०-१२ धरा. सूर्य कलला की बरणी आत. रोज एकदा कोरड्या लाकडी पळीने तळापासून ढवळा. तळाची साखर विरघळायला वेळ लागतो, घाबरू नका. उन्हाची ऊब आणि फळाची आंबट धार मिळून साखरेची फोड होत जाते आणि ती हळूहळू रसात मुरते. वर तरंगणाऱ्या साली रोज रसात दाबा, कारण बुरशी धरली तर उघड्या सालीवरच धरते.

घाई म्हणून हे मिश्रण गॅसवर उकळू नका. रातांब्याचा लाल रंग उष्णतेने विटतो, सरबत तपकिरी दिसायला लागतं आणि चवही गुळचट होते.

साखर विरघळली, साली आक्रसून चिवट झाल्या की कापडातून गाळा. पिळू नका, रात्रभर निथळू द्या. एवढ्या मापात अंदाजे पावणेदोन ते दोन लिटर अर्क निघतो. त्यात दोन चमचे भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि चवीपुरतं मीठ घालून कोरड्या बाटल्यांत भरा. थंड, अंधाऱ्या जागी वर्षभर राहतो. बाटली उघडल्यावर फसफस झाली, दारूसारखा वास आला किंवा वर बुरशीचा ठिपका दिसला तर वरचं काढून खालचं वापरायच्या मोहात पडू नका, सगळं टाका. पितेवेळी एका भागाला चार ते पाच भाग पाणी.

गाळून उरलेल्या गोड साली फेकायच्या नाहीत. ताटात पसरून दोन दिवस वाळवल्या की आंबट-गोड चघळायला होतात. आमच्या घरी त्या डब्यात जाईपर्यंत निम्म्या संपलेल्या असत.

आगळ

याला ऊन लागत नाही, त्यामुळे फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी सुरुवात इथून केली तरी चालेल. बाजूला ठेवलेल्या १ किलो फळांच्या बियांसकट चार फोडी करा. २०० ग्रॅम खडेमीठ घ्या, बरणीत फोडी आणि मीठ असे थर द्या, झाकण लावा. रोज एकदा हलवा. आठ दिवसांत फोडी रसात बुडतात, मग गाळून बाटलीत भरा. झालं. सोलकढी करताना आगळ आधी घाला, चव बघा आणि मगच मिठाच्या डब्याकडे वळा. बहुतेक वेळा वेगळं मीठ लागतच नाही.

आमसुलं

नुसती साल उन्हात वाळवली तर ती आंबट राहते, पण अंगात रस नसतो. चांगलं आमसूल मऊ, काळसर-जांभळं आणि हाताला किंचित चिकट लागतं, आणि ते तसं होतं पुटं दिल्यामुळे.

झाकून ठेवलेला गर घ्या. दर किलो गर-बियांमागे १०० ग्रॅम खडेमीठ घालून हाताने चांगला कुस्करा. गर बियांना बुळबुळीत चिकटलेला असतो, मीठ लागलं की सुटतो. तासाभराने मोठ्या भोकांच्या चाळणीतून रस गाळून घ्या आणि बिया बाजूला ठेवा.

या रसात उरलेल्या साली बुडवून रात्रभर ठेवा. सकाळी एकेक साल निथळून बांबूच्या सुपात किंवा स्टीलच्या ताटात पसरा, आतली बाजू वर. दिवसभर कडक ऊन. संध्याकाळी त्याच साली पुन्हा त्याच रसात. हे एक पुट झालं. अशी चार ते सहा पुटं द्यायची. पहिल्या दोन दिवसांत फार फरक दिसत नाही. तिसऱ्या दिवसापासून साल रस ओढायला लागते, पातेल्यातला रस भराभर कमी होतो आणि साल काळी पडते. रस संपला की पुटं संपली. त्यानंतर दोन-तीन दिवस नुसतं ऊन द्या.

मध्येच आभाळ आलं तर साली रसातच राहू द्या. मीठ आणि आंबटपणा दोन्ही असल्याने एखादा दिवस त्या तिथे सुरक्षित असतात. अर्धवट वाळलेल्या साली दमट हवेत पसरून ठेवणं मात्र धोक्याचं. मुंबईत मेच्या शेवटी हवेत इतका ओलावा असतो की आमसुलं करायची तर मेचा पहिला पंधरवडा गाठलेला बरा.

आमसूल झालं का हे बोटांनी ओळखतात. साल दुमडली तर मोडता नये, आणि दाबली तर बोटाला ओल लागता नये. मोडली तर ऊन जास्त झालं, तशी ती आमटीत चालतेच. ओल लागली तर आणखी एक दिवस. बरणीत भरताना आजी मधूनमधून थोडं मीठ भुरभुरायची आणि वर दाब द्यायची, म्हणजे आत हवा कमी राहते. नवी आमसुलं पहिल्या महिन्यात जरा उग्र लागतात. माशाच्या कालवणाला मागच्या वर्षीची काढायची आणि नवी मुरू द्यायची, असा अनेक घरांत रिवाज आहे. तुमच्याकडे मागची नसतील तर नवी तीनाऐवजी दोन घाला.

बाजारातून आमसुलं घेतानाही हीच बोटांची परीक्षा लावा. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे, पण पाकिटावरच्या नावापेक्षा साल सांगते ते खरं. कोरडी, हलकी, मिठाचे पांढरे खडे चढलेली साल म्हणजे पुटांत काटकसर केलेली.

बिया

गाळून उरलेल्या बिया स्वच्छ धुवा (इथे पाणी चालतं) आणि आठवडाभर उन्हात वाळवा. डब्यात नीट राहतात, त्यामुळे पुढचं काम सवडीने करता येतं. वरचं टरफल फोडून आतला गर कुटायचा, पाण्यात घालून मंद आचेवर बराच वेळ उकळायचा आणि पातेलं तसंच निवू द्यायचं. वर स्निग्ध थर जमतो. तो काढून पुन्हा एकदा वितळवून गाळा आणि थिजायच्या बेतात असताना मुठीत वळून गोळे करा. हेच मुठेल, काहीजण कोकम तेल म्हणतात. साध्या हवेत ते घट्ट राहतं आणि अंगाच्या उबेला मऊ होतं. टाचांच्या भेगांना रात्री चोळून मोजे घालून झोपायचं.

६ किलो फळांच्या बियांतून मुठेल फार निघत नाही, एखादा लहानसा गोळा. एवढ्यासाठी कुटाकुटी नको वाटली तर बिया वाळवून साठवा. पुढच्या वर्षीच्या त्यात मिसळा, किंवा गावी कुणी तेल काढत असेल त्यांच्याकडे पोचवा.