आकृतिबंधांतून बेरीज

लहान मुलांना बेरीज शिकवताना उत्तरे पाठ करून घेण्याची घाई करू नये. संख्यांमधला आकृतिबंध आधी त्यांच्या नजरेस पडू द्यावा. सुरुवात १० च्या जोड्यांपासून करावी. एका दोऱ्यात १० मणी सैलसर ओवावेत, सगळे उजवीकडे सरकवावेत आणि मग एकेक मणी डावीकडे आणत मुलाने मोठ्याने म्हणावे: १ आणि ९, २ आणि ८, ३ आणि ७. या जोड्या एकाखाली एक लिहिल्या, की डावीकडची संख्या १ ने वाढते, उजवीकडची १ ने कमी होते आणि बेरीज मात्र १० च राहते, हे स्पष्ट दिसू लागते. हे आपण सांगून टाकू नये. "तुला यात काय दिसतंय?" एवढेच विचारून शांतपणे थांबावे, मला तर ही वाट पाहणे शिकवण्याइतकेच मोलाचे वाटते.

जोड्या पक्क्या झाल्यावर ९ मध्ये मिळवण्याकडे वळावे. ९ + ४ करताना ४ मण्यांतला एक ९ कडे दिला, की १० आणि ३, म्हणजे १३ होतात. त्याखाली ९ + ५ = १४, ९ + ६ = १५ असे लिहीत गेल्यास, उत्तरातला एककाचा अंक मिळवलेल्या संख्येपेक्षा दर वेळी १ ने लहान असतो, हे मुलाच्या लक्षात येते.

दुपटीचाही असाच उपयोग होतो: ६ + ६ = १२ येत असेल, तर ६ + ७ त्याहून १ ने जास्त.

मूल मध्येच बोटांवर मोजू लागले, तर त्याला अडवू नये.