सुई टोचताना एकाला काहीच वाटत नाही आणि दुसऱ्याला घाम फुटतो, मग आपण काय करायचं

आमच्या घरात तिघांच्या तीन तऱ्हा. बाबा रोज दोनदा इन्सुलिन घेतात, पोटाला पेन लावतात, टोचतात आणि बोलणं मध्येच थांबवत पण नाहीत. आईला साधी शुगर चेक करायची म्हटलं तरी आदल्या रात्री झोप नसते, कारण तिची नस सापडत नाही आणि सापडली तर पळते. मला टोचताना फारसं दुखत नाही, पण सुई निघाली की दोन मिनिटांनी डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून हे सगळं लिहितेय, कारण "एवढ्याशा सुईला काय घाबरायचं" हे वाक्य जितक्यांदा ऐकलंय तितक्यांदा त्याने नुकसानच झालेलं बघितलंय.

गेल्या वर्षी एका लॅबमध्ये आईला तीनदा टोचलं. दोनदा उजव्या कोपरात, एकदा मनगटाजवळ, आणि सुई आत असतानाच इकडे तिकडे फिरवून नस शोधत होता तो मुलगा. वर म्हणाला, काकू हात ढिला सोडा, लहान मुलं पण एवढं करत नाहीत. आई रडली वगैरे नाही, ती एकदम गप्प झाली, आणि मी तिचा दुसरा हात धरला होता तो बर्फासारखा गार पडला होता. त्या दिवसापासून मी नीट माहिती काढायला लागले.

आधी हे समजून घ्या की दुखणं खरंच वेगवेगळं असतं, नाटक नसतं. सुई टोचल्यावर आधी एक झटकन तीक्ष्ण कळ जाते आणि मग मागून हळू जळजळ येते, या दोन्ही वेगळ्या मज्जातंतूंमधून जातात. पण मेंदूपर्यंत पोचेपर्यंत तिच्यात बरंच काही मिसळतं, म्हणजे भीती किती आहे, झोप झालीय का, मागच्या वेळी काय झालं होतं, शेजारी कोण उभं आहे. दुखणं मोजायचं मशीन अजून नाही, म्हणून डॉक्टरसुद्धा ० ते १० मध्ये किती असंच विचारतात आणि पेशंट सांगेल तो आकडा धरतात. १९८० च्या दशकापर्यंत तर नवजात बाळाला मोठ्यांसारखं दुखत नाही असं कितीतरी डॉक्टर मानायचे, आणि ते साफ चुकीचं निघालं. त्यामुळे समोरचा ७ म्हणाला तर ७, त्यात आपण घासाघीस करायची नाही.

आता ज्यांची नस सापडत नाही त्यांच्यासाठी, कारण सगळ्यात जास्त हाल यांचेच होतात. आदल्या दिवसापासून पाणी भरपूर प्या. फास्टिंगचं रक्त असेल तरी साधं पाणी चालतं, खूप जण उपाशी म्हणजे पाणी पण नाही असं धरून सकाळी सुकून जातात आणि मग नस आणखीच बारीक होते. (किडनी किंवा हार्टसाठी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर मात्र तेवढंच.) लॅबमध्ये एसी असतो, हात गार पडले की नसा आक्रसतात, म्हणून आईला मी पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून नेते आणि टोचायच्या आधी पाच-दहा मिनिटं कोपरावर गरम पाण्याची पिशवी ठेवते, चटका बसेल इतकी गरम नाही. हात खाली लोंबकळत सोडायचा. रबराचा पट्टा एका मिनिटाच्या वर बांधून ठेवू देऊ नका, आणि मूठ एकदा आवळून धरली की पुरे, सारखी उघडझाप केली तर पोटॅशियमचा रिपोर्ट खोटाच वाढीव येऊ शकतो.

आणि बोला. खुर्चीत बसल्या बसल्या पहिल्या मिनिटात सांगायचं, माझी नस अवघड आहे, डाव्या कोपरात बाहेरच्या बाजूला मिळते, बारीक सुई किंवा बटरफ्लाय (पंख आणि लांब नळी असलेली सुई) असेल तर ती घ्या. सुईचा नंबर जितका मोठा तितकी ती बारीक, म्हणजे २१ पेक्षा २३ बारीक, हे माहीत असलं की बोलायला सोपं जातं. सलाईनच्या इंट्राकॅथचे, म्हणजे नसेत ठेवून देतात त्या प्लास्टिकच्या नळीचे, तर रंगच ठरलेले आहेत, पिवळी २४ नंबर अगदी बारीक, मग निळी २२, गुलाबी २०, हिरवी १८. एकाने दोनदा टोचून जमलं नाही तर दुसऱ्या अनुभवी सिस्टरला बोलवा असं शांतपणे सांगायचं, हा काही उद्धटपणा नाही, चांगल्या ठिकाणी ते स्वतःच बोलावतात. मनगटाच्या आतल्या बाजूला टोचू देऊ नका, तिथे मज्जातंतू अगदी वर असतात. टोचल्यावर बोटांपर्यंत करंट गेल्यासारखं झालं तर सहन करत बसायचं नाही, लगेच सांगायचं आणि सुई काढायला लावायची. ब्रेस्टचं ऑपरेशन होऊन काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा हात किंवा डायलिसिसचा फिस्टुला (त्यासाठी ऑपरेशन करून जोडलेली नस) असलेला हात पुढे करायचाच नाही.

माझ्यासारखे चक्करवाले असतील त्यांचा प्रॉब्लेम वेगळा. इतर कुठल्याही भीतीत बीपी वाढतं, पण रक्त आणि सुईच्या बाबतीत काही जणांचं आधी वाढतं आणि मग एकदम पडतं, नाडी मंदावते आणि माणूस कोसळतो. हे बऱ्याचदा घराण्यात असतं. म्हणून अशांना "रिलॅक्स हो, अंग सैल सोड" हा सल्ला उलटा पडू शकतो. त्यापेक्षा हे करा, ज्या हाताला टोचणार तो सोडून बाकी हात, पाय, पोट सगळं घट्ट आवळायचं, दहा-पंधरा सेकंद, चेहरा गरम झाल्यासारखा वाटेपर्यंत, मग वीस-तीस सेकंद नॉर्मल, आणि असं पाच वेळा. घरी आठवडाभर प्रॅक्टिस करून जा. आणि सरळ सांगा की मला चक्कर येते, आडवं करून घ्या. मी वर्षानुवर्षं लाजेपोटी हे सांगत नव्हते, एकदा जिन्यात पडता पडता वाचले तेव्हापासून सांगायला लागले, आजवर कोणी हसलेलं नाही. झाल्यावर दहा मिनिटं तिथेच बसायचं.

स्पिरिट लावल्यावर ते सुकू द्या, अर्धा मिनिट तरी, ओल्यातच टोचलं तर जी जळजळ होते ती सुईची नसते, स्पिरिटची असते. दंडात इंजेक्शन असेल तर हात मांडीवर सैल टाकायचा, ताठरलेल्या स्नायूत जास्त दुखतं. कमरेत असेल तर पालथं झोपून दोन्ही पायांचे अंगठे आतल्या बाजूला वळवायचे, तिथला स्नायू आपोआप ढिला पडतो. बोटाला टोचून शुगर बघताना बोटाच्या पेराच्या मधोमध नाही, कडेला टोचा, आणि रोज बोट बदला. काही औषधं स्वतःच झोंबतात, र्‍हुमॅटिक तापाने हार्टचा व्हॉल्व्ह खराब झालेल्या मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं घट्ट इंजेक्शन देतात, ते भयंकर दुखतं, तिथे हळू ढकला म्हणून सांगणं आणि दुखणं कमी करायला आणखी काय करता येईल ते डॉक्टरला विचारणं हा त्या पोराचा हक्क आहे.

बघायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. मला मान वळवायची असते, आईला उलट सुई कधी आत जातेय ते दिसलं नाही तर जास्त भीती वाटते. काही जण नेमकं टोचताना खोकतात, तेवढ्याने लक्ष उडतं.

लहान मुलांना "काही दुखणार नाही" असं कधीच सांगू नका. दुखतंच, आणि मग पुढच्या वेळी तुमच्यावर विश्वास राहत नाही. थोडं टोचेल, मी इथेच आहे, एवढं पुरे. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या लसींना बाळाला मांडीवर घट्ट कवेत धरा, शक्य असेल तर टोचायच्या आधीपासून अंगावर पाजत राहा, रोटाव्हायरसचे थेंब आधी आणि जास्त दुखणारी लस शेवटी द्यायला सांगा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये लसीकरणातल्या दुखण्याबद्दल सूचना काढल्या त्यात हे आहे. तीन वर्षांपुढच्या मुलाला आडवं दाबून धरायचं नाही, बसवून घ्यायचं, दाबून धरलेलं मूल ते विसरत नाही. माझ्या भाचीला सारखं रक्त काढावं लागायचं तेव्हा डॉक्टरांनी बधिर करायची क्रीम दिली होती, लिग्नोकेन आणि प्रिलोकेनची, ती तासभर आधी लावून वरून झाकून ठेवावी लागते, निघायच्या पाच मिनिटं आधी लावून उपयोग नाही. तान्ह्या बाळाला ती स्वतःच्या मनाने लावायची नाही.

सुई निघाल्यावर कापूस ठेवून हात दुमडू नका, सरळ ठेवून बोटाने दाबा, तीन-चार मिनिटं, आणि इकोस्प्रिन किंवा क्लोपिडोग्रेल अशी रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असेल तर दहा. कापूस उचलून उचलून बघायचं नाही. तरी काळं-निळं झालं तर पहिल्या दिवशी गार आणि नंतर कोमट शेक, आठ-दहा दिवसांत जातं, पण हात सुजत चालला, बधिर राहिला किंवा ताप आला तर दाखवा.

आईच्या फाईलच्या आतल्या बाजूला मी पेनाने लिहून ठेवलंय, डावा कोपर बाहेरची बाजू, २३ बटरफ्लाय, गरम पिशवी, टोचताना सांगून टोचणे. मागच्या महिन्यात नवीन सिस्टर होती, तिने ते वाचलं, आईला म्हणाली, "आजी, आता टोचते हं," आणि पहिल्याच वेळी रक्त आलं.