जपानमध्ये राहताना तिथल्या बातम्यांवर मत कसे बनवावे आणि ते कुठे मांडावे

जपानमध्ये चार-सहा वर्षे काढलेल्या परदेशी माणसाकडे तिथल्या समाजाविषयी मतांचा मोठा साठा असतो, आणि नुकत्याच आलेल्याकडे तो बहुधा त्याहूनही मोठा असतो. मत असण्यात काहीच गैर नाही. जो इथे कर भरतो, ज्याची मुले इथल्या शाळेत जातात, भूकंपाचा इशारा आला की ज्याच्या फोनचा भोंगा शेजाऱ्याच्या फोनबरोबरच वाजतो, त्याला इथल्या घडामोडींवर मत असायलाच हवे. मात्र ते मत रोजच्या बातम्यांवर उभे राहणार असेल, तर आधी बातमी नीट वाचता आली पाहिजे. जपानी बातमी वाचण्याची एक रीत आहे आणि ती अंगवळणी पडायला मला बरीच वर्षे लागली. नव्याने येणाऱ्यांची तेवढी वर्षे जाऊ नयेत, म्हणून ती इथे मांडत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे वाक्याच्या शेवटाकडे लक्ष द्यावे. जपानी वाक्यात मराठीप्रमाणेच क्रियापद शेवटी येते आणि सांगणाऱ्याची खात्री किती आहे, हेही तिथेच कळते. ‘तो आला’, ‘तो आला असावा’ आणि ‘तो आला म्हणे’ यांतला फरक आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही. तोच कान जपानी बातमीला लावायचा आहे. मथळ्याच्या शेवटी ‘का’ हे अक्षर आले, तर ते वाचकाला विचारलेला प्रश्न नसून ‘तसे असावे असा अंदाज आहे’ एवढाच त्याचा अर्थ असतो. ‘होका का’ म्हणजे आग कुणीतरी लावली असल्याचा संशय आहे, इतकेच. ‘तो मिरारेरु’ म्हणजे ‘असे मानले जाते’, आणि ‘कान्केइशा नि योरु तो’ म्हणजे ‘संबंधितांच्या सांगण्यानुसार’. हे संबंधित बहुतेक वेळा नाव न सांगणारे अधिकारी असतात. पोलिसांच्या माहितीवर आधारलेली बातमी पुष्कळदा किशा क्लबमधून, म्हणजे त्या त्या कार्यालयाशी जोडलेल्या पत्रकारांच्या संघातून येते. त्यामुळे चार वर्तमानपत्रांत एकच मजकूर दिसला, तरी चार जणांनी स्वतंत्र शहानिशा केली असे समजू नये.

काही ठरीव शब्दप्रयोग तर शब्दशः वाचले की हमखास चुकतात. ‘शिन्पाइ तेइशि’, म्हणजे हृदय व श्वास बंद पडलेल्या अवस्थेत सापडले, असे लिहिले असेल तर मृत्यू डॉक्टरांनी अजून जाहीर केलेला नाही, एवढेच त्यातून समजावे. ‘इनोचि नि बेत्सुजो वा नाइ’ याचा अर्थ जिवाला धोका नाही. माझ्या एका सहकाऱ्याच्या वडिलांना गाडीची धडक बसली, तेव्हा स्थानिक बातमीत हेच वाक्य होते. दुसऱ्या दिवशी मी त्याला म्हणालो, ‘फार काही झाले नाही हे वाचून बरे वाटले.’ तो क्षणभर थांबला, ‘ओकागेसामा दे’, म्हणजे ‘आपल्या कृपेने’, एवढेच म्हणाला आणि पुन्हा संगणकाच्या पडद्याकडे वळला. त्याच्या वडिलांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता, हे मला आठवड्याने कळले. बातमी खरीच होती. मी तिच्यात नसलेला दिलासा वाचला होता.

गुन्ह्याच्या बातम्यांवर मत देताना याहून अधिक सबुरी लागते. अटक झालेल्या व्यक्तीच्या नावापुढे ‘योगिशा’, म्हणजे संशयित, असे लिहितात आणि खटला दाखल झाला की ‘हिकोकु’, म्हणजे आरोपी. ‘शोरुइ सोकेन’ म्हणजे माणसाला ताब्यात न ठेवता केवळ कागदपत्रे सरकारी वकिलांकडे पाठवणे. दोषी ठरण्याशी त्याचा संबंध नसतो. अटकेनंतर पोलिसांकडे 48 तास, सरकारी वकिलांकडे 24 तास आणि पुढे न्यायालयाच्या परवानगीने 10 अधिक 10 दिवस, असे एका आरोपाखाली खटला न भरता जास्तीत जास्त 23 दिवस कोठडीत ठेवता येते. दुसऱ्या आरोपाखाली पुन्हा अटक केली की ही मोजणी नव्याने सुरू होते. याच दिवसांत ‘त्याने आरोप मान्य केला आहे’ असे वाक्य छापून येते, आणि ते पोलिसांचे सांगणे असते. खटला भरल्यावर दोषी ठरण्याचे प्रमाण 99 टक्क्यांहून अधिक आहे. पण त्याला दुसरी बाजू अशी, की पुरावा भक्कम नसलेली बरीच प्रकरणे ‘फुकिसो’ होतात, म्हणजे खटला न भरताच सोडून दिली जातात. तीही बातमी येते, पण आतल्या पानावर, चार ओळींत आणि अनेकदा कारणाशिवाय. म्हणून अटकेच्या दिवशी मत बनवले असेल, तर महिन्याभराने त्या प्रकरणाचे पुढे काय झाले ते शोधण्याची जबाबदारीही आपलीच आहे. इवाओ हाकामादा यांना 1966 मध्ये खुनाच्या आरोपाखाली अटक झाली, 1980 मध्ये त्यांची फाशीची शिक्षा कायम झाली आणि सप्टेंबर 2024 मध्ये शिझुओकाच्या न्यायालयाने, तपासयंत्रणेने पुरावे बनावट तयार केले होते असे म्हणत, त्यांना निर्दोष सोडले. 1966 सालच्या बातम्यांत ते दोषी ठरूनच गेले होते. हे प्रकरण मनात ठेवले, की संध्याकाळच्या बातमीतला अटकेचा प्रसंग पाहताना माणूस आपोआप जपून बोलतो.

संशयित परदेशी असेल तर बातमीत बहुतेक वेळा राष्ट्रीयत्व येते, आणि तिथून पुढे ‘परदेशी वाढले म्हणून गुन्हे वाढले’ या वाक्यापर्यंतचे अंतर फार थोडे आहे. अशा वेळी चिडून उत्तर देण्यापेक्षा आकडे समोर ठेवावेत, आणि ते सगळे ठेवावेत. 2002 मध्ये नोंदलेल्या फौजदारी गुन्ह्यांनी सुमारे साडेअठ्ठावीस लाखांचा उच्चांक गाठला, तेव्हा परदेशी रहिवासी साडेअठरा लाखांच्या आसपास होते. 2021 मध्ये गुन्हे 5 लाख 68 हजारांपर्यंत उतरले आणि 2024 मध्ये पुन्हा वाढून सात लाखांच्या पुढे गेले. 2024 च्या अखेरीस परदेशी रहिवासी सुमारे 37 लाख 69 हजार होते. म्हणजे दोन दशकांत रहिवासी दुपटीने वाढले आणि गुन्हे उच्चांकाच्या जवळपास चौथाईवर आले. अलीकडची वाढ मात्र लपवू नये. ती लपवली की बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास जातो. शिवाय पोलिसांच्या आकडेवारीतील ‘राइनिचि गाइकोकुजिन’, म्हणजे जपानमध्ये आलेले परदेशी, या वर्गात कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना असलेले लोक धरलेले नसतात, हे माहीत नसेल तर दोन तक्त्यांची तुलनाच चुकते.

आता एक साधी, स्वयंपाकघरातली बातमी घेऊ, कारण बातमीच्या मागे कसे जायचे हे तिथे सर्वांत चांगले दिसते. ऑगस्ट 2024 मध्ये आमच्या भागातल्या सुपरमार्केटमध्ये तांदळाची फळी रिकामी होती आणि तिच्यावर ‘एका कुटुंबाला एकच पिशवी’ अशी हाताने लिहिलेली चिठ्ठी होती. चिठ्ठीखाली पाच किलोच्या पिशव्यांनी रबरी चटईवर उमटवलेले चौकोनी ठसे तेवढे उरले होते. त्याच महिन्याच्या 8 तारखेला ह्युगानादा समुद्रात भूकंप झाला होता आणि नानकाइ खंदकातल्या महाभूकंपाबाबत सावधगिरीची सूचना पहिल्यांदाच निघाली होती, त्यामुळे लोकांनी घरात साठा केला, हे तात्कालिक कारण होते. त्याआधी 2023 च्या कडक उन्हाळ्याने दाण्याची प्रत घसरून हाती येणारा तांदूळ कमी झाला होता. पण नवे पीक बाजारात आल्यावरही भाव उतरले नाहीत. सुपरमार्केटमधल्या पाच किलोच्या पिशवीचा सरासरी भाव वर्षभरापूर्वी सुमारे 2100 येन होता, तो मे 2025 मध्ये 4200 येनच्या पुढे गेला. सरकारने राखीव साठ्यातला ‘बिचिकुमाइ’ मार्चपासून लिलावाने सोडला, तरी तो दुकानांत पोहोचेना. ‘मी तांदूळ विकत घेतलेला नाही, समर्थक आणून देतात’ अशा अर्थाचे बोलून कृषिमंत्री ताकु एतो यांना पद सोडावे लागले. त्यांच्या जागी आलेल्या शिंजिरो कोइझुमी यांनी लिलाव टाळून थेट विक्री केली, तेव्हा तो तांदूळ 2000 येनच्या आसपास मिळू लागला.

या काळात माझ्या कानावर तीन मते वारंवार येत होती: शेतकरी माल दडवतात, सहकारी संस्था भाव चढवतात आणि परदेशी पर्यटक तांदूळ संपवतात. तिसरे मत तपासणे सोपे होते. कृषी मंत्रालयाच्या अंदाजानुसार पर्यटकांची खपत वर्षाला सुमारे 50 हजार टन होती आणि देशाची एकूण मागणी 70 लाख टनांच्या घरात. म्हणजे शेकड्याला एकही नाही. पहिली दोन मते एका आकड्यात निकालात निघत नाहीत. त्यांसाठी मागे जावे लागते. भाव पडू नयेत म्हणून 1970 च्या सुमारास सुरू झालेले लागवड घटवण्याचे धोरण, ‘गेन्तान’, 2018 पर्यंत चालले आणि त्यानंतरही दुसरी पिके घेण्यासाठी अनुदान मिळत राहिले. मुख्यतः शेतीवर जगणाऱ्यांचे सरासरी वय 2024 मध्ये 69 च्या आसपास होते. इतक्या घट्ट आखलेल्या पुरवठ्यात मागणी थोडीशी वाढली तरी भाव उसळतो, आणि ऑगस्ट 2025 मध्ये सरकारनेही उत्पादन कमी पडल्याचे मान्य करून ते वाढवण्याची दिशा धरली. रिकाम्या फळीसमोर उभे राहून ‘जपानी लोक घाबरट आहेत’ असे वाटणे सोपे होते. आठवडाभर वाचल्यावर माझे मत बदलले: घाबरलेले गिऱ्हाईक दोषी नव्हते, अर्धशतक एकाच गृहीतकावर चाललेले धोरण दोषी होते. ‘जपानी लोक असे असतात’ या शब्दांनी सुरू होणारे कोणतेही मत मी तेव्हापासून कागदावर उतरू देत नाही, कारण त्या शब्दांनंतर तपास थांबतो.

वाचनासाठी काय निवडावे, हे थोडक्यात सांगतो. योमिउरी आणि सांकेइ या वर्तमानपत्रांचा कल पुराणमतवादाकडे, असाही आणि माइनिचि यांचा उदारमतवादाकडे आणि निक्केइचा भर उद्योग-अर्थावर, एवढे लक्षात ठेवून एकाच विषयावरचे दोन वेगळ्या कलांचे अग्रलेख शेजारी ठेवावेत. भाषा कच्ची असेल तर एनएचके या सार्वजनिक प्रसारणसंस्थेच्या सोप्या जपानीतल्या बातम्यांपासून सुरुवात करावी. ‘यासाशीइ निहोंगो’ ही सोपी जपानी 1995 च्या कोबे भूकंपात परदेशी रहिवाशांना सूचना कळल्या नाहीत, या कटू अनुभवातून पुढे आली. आणि नगरपालिकेचे ‘कोहो’ हे पत्रक न वाचता टाकू नये. कचऱ्याच्या नियमातला बदल, पाळणाघराच्या जागा, विम्याचा हप्ता, हे सगळे तिथे आधी येते.

मत बनल्यावर ते कुठे बोलावे, याचाही विचार हवा. परदेशी नागरिकाला मतदानाचा हक्क नाही आणि त्याच्याकडून राजकीय देणगी घेण्यास कायद्याने बंदी आहे. बोलण्याचा हक्क मात्र आहे: मॅक्लीन या अमेरिकी नागरिकाच्या खटल्यात 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, देशाच्या राजकीय निर्णयांवर प्रभाव टाकणाऱ्या कृती वगळता, परदेशी व्यक्तींनाही राजकीय अभिव्यक्तीचे संरक्षण आहे असे सांगितले. त्याच निकालात हे संरक्षण वास्तव्याच्या परवान्याच्या चौकटीत राहूनच आहे, म्हणजे परवान्याच्या मुदतवाढीच्या वेळी अशी कृती विरोधात धरता येऊ शकते, असेही म्हटले होते. म्हणून सभेला किंवा मोर्चाला जाण्यापूर्वी आपल्या परवान्याची स्थिती नीट माहीत असावी. लिहिताना आणखी एक जपावे. जपानमध्ये एखाद्याविषयीची गोष्ट खरी असली तरी बदनामीचा गुन्हा होऊ शकतो. विषय सार्वजनिक हिताचा, हेतू लोकहिताचा आणि मजकूर खरा, असे तिन्ही जुळले तरच सुटका असते. अपमानाच्या गुन्ह्याची शिक्षा 2022 मध्ये वाढवून एक वर्षाच्या कैदेपर्यंत नेली आहे. शेजाऱ्याच्या कचऱ्याचा फोटो नावपत्त्यासह सर्वांसमोर टाकणे हा मतप्रदर्शनाचा मार्ग नव्हे.

खरे काम करणारे मार्ग कमी झगमगाटाचे आहेत. मंत्रालये नवे नियम करण्यापूर्वी मसुदा जाहीर करून साधारण 30 दिवस लोकांची मते मागवतात आणि त्यात राष्ट्रीयत्वाची अट नसते. नगरपरिषदेकडे ‘सेइगान’ हा अर्ज देण्यासाठी एखाद्या सदस्याची शिफारस लागते, ‘चिन्जो’ या साध्या निवेदनासाठी ती लागत नाही, आणि दोन्ही परदेशी रहिवासी देऊ शकतात. कावासाकी शहराने 1996 मध्ये परदेशी रहिवाशांची प्रतिनिधी सभा स्थापन केली. घर भाड्याने घेताना होणाऱ्या नकाराचा प्रश्न तिने मांडला आणि 2000 साली शहराच्या गृहनिर्माण नियमावलीत राष्ट्रीयत्वावरून नकार देऊ नये असे कलम आले. चिन्जो लिहायचा असेल तर एकच मागणी, एक पान, जपानीत. मसुदा शेजारच्या एखाद्या ज्येष्ठ माणसाला दाखवून घ्यावा, आणि परिषदेच्या सत्राआधी अर्ज स्वीकारण्याची शेवटची तारीख कोणती, हे सभागृहाच्या कार्यालयात स्वतः जाऊन विचारावे.