शिमोनादाला लोकल गाडीने कसे जावे

बडोद्याहून जपानला जाणारी आपली मंडळी टोकियो आणि क्योतो पाहून परततात. ज्यांनी प्रतापनगरहून डभोईच्या छोट्या गाडीने प्रवास केला आहे, त्यांनी तरी शिकोकू बेटावरच्या शिमोनादा स्थानकासाठी एक दिवस राखून ठेवावा, अशी माझी मनापासून विनंती आहे. 1935 साली सुरू झालेल्या या स्थानकाला एकच फलाट आहे. तेथे तिकीट विकणारा कर्मचारी नसतो आणि बाकावर बसले की समोर इयो समुद्र पसरलेला दिसतो.

टोकियोहून शिनकान्सेनने ओकायामाला उतरावे आणि तेथून ‘शिओकाझे’ या जलद गाडीने सेतो समुद्रावरचा मोठा पूल ओलांडून मात्सुयामा गाठावे. खरी काळजी यापुढे घ्यावी लागते. मात्सुयामाच्या पुढे मुकाइबारा येथे मार्गाला दोन फाटे फुटतात आणि 1986 मध्ये सुरू झालेल्या उचिकोमार्गे जाणाऱ्या आतल्या फाट्यावरची गाडी शिमोनादाला जातच नाही. म्हणून इयो-नागाहामामार्गे जाणारी लोकलच पकडावी. अशा गाड्या दिवसातून मोजक्याच असतात, त्यामुळे परतीच्या गाडीची वेळ आधी लिहून घ्यावी आणि मगच निघावे. या मार्गावरच्या बऱ्याच छोट्या डब्यांत स्वच्छतागृह नसते, हेही ध्यानात असू द्यावे.

या गाडीत कंडक्टर नसतो; सारे काम एकटा चालकच पाहतो. मात्सुयामाला तिकीट काढले असेल, तर शिमोनादाला पुढच्या दाराने उतरताना ते चालकाला द्यावे. बिनकर्मचारी स्थानकावर गाडीत चढताना मात्र दाराजवळच्या यंत्रातून ‘सेइरिकेन’ नावाची कागदाची छोटी चिठ्ठी ओढून घ्यावी. तिच्यावर चढल्या स्थानकाचा क्रमांक छापलेला असतो. चालकाच्या डोक्यावरच्या फलकावर तोच क्रमांक शोधावा; त्याच्याखाली दिसणारी रक्कम हे आपले भाडे, आणि गाडी पुढे सरकते तशी ती वाढत जाते. बिनकर्मचारी स्थानकावर उतरताना चिठ्ठी आणि नेमके पैसे चालकाशेजारच्या पेटीत टाकावे लागतात. पेटी उरलेले पैसे परत देत नाही. म्हणून गाडी थांबलेली असताना तिथल्याच यंत्रात हजार येनची नोट घालून आधी मोड करून घ्यावी. ऐन उतरताना पाकीट चाचपत राहिल्यास मागची माणसे आणि गाडी दोन्ही खोळंबतात.

दशम्या किंवा थेपले बरोबर असतील, तर ते फलाटावरच्या बाकावर बसून खावेत आणि कचरा पिशवीत घालून परत न्यावा. छायाचित्रासाठी रुळांवर मुळीच उतरू नये. शक्यतो दुपारनंतर पोहोचावे, म्हणजे पाण्यावर उतरणारे ऊन पाहता येते.

परतताना चढल्यावर चिठ्ठी घेण्यास विसरू नये. मात्सुयामाला ती तिकीटद्वारावरच्या कर्मचाऱ्याला दाखवून तेथेच भाडे भरता येते.