सातारा-सांगलीत वृद्धांच्या आरोग्यावर प्रबंध करताय? या चुका टाळा

आपल्या भागातून ज्येष्ठांच्या आरोग्यावर लिहिलेला लघुप्रबंध हातात आला की मी आधी नमुना निवडीचं पान काढतो. तिथं बहुतेकदा एकच वाक्य असतं: ‘संशोधकाने ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभासदांची सोयीस्कर पद्धतीने निवड केली.’ पुढचं न वाचता निष्कर्ष सांगता येतात. बहुसंख्य ज्येष्ठांची तब्येत ठीक, रोज फिरायला जातात, घरात मान आहे. असणारच. संघाच्या सभेला जो चालत येतो, ज्याला पेन्शन आहे आणि दुपारी दोन तास मोकळे मिळतात, त्यालाच तुम्ही विचारलंत.

गुडघ्यांमुळे उंबरा न ओलांडणारी आजी तिथं नाही. पक्षाघातानं खाटेवर पडलेले आजोबा नाहीत. सत्तरीतही दुसऱ्याच्या रानात भांगलायला जाणारी बाई नाही, आणि नातवंडं सांभाळणारीलाही सभेला यायला फुरसत नाही. म्हणजे माणूस तुमच्या नमुन्यात येणार की नाही हे त्याच्या तब्येतीनं आणि ऐपतीनं आधीच ठरवून टाकलं, आणि अभ्यास तर त्याच दोन गोष्टींचा आहे. सरकारी दवाखान्याच्या रांगेत मुलाखती घेतल्या तर हीच चूक उलट्या बाजूनं होते. तिथं सगळेच आजारी.

उपाय कष्टाचा आहे, अवघड नाही. गावाची मतदार यादी घ्या, साठीवरची नावं वेगळी काढा आणि चिठ्ठ्या टाकून निवडा. मग आशाताईंना घेऊन बसा, कारण यादीत वारलेल्यांची नावं राहिलेली असतात. शिवाय जावळी-पाटणच्या खोऱ्यांतून माथाडी कामाला गेलेली माणसं मुंबईत राहतात आणि नाव गावात ठेवतात. खानापूर-आटपाडीकडची गलाईवाली, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याचा धंदा करणारी घरं देशभर पांगलेली आहेत. निवडलेलं प्रत्येक नाव वहीत चढवा आणि पुढं लिहा: भेटले, नकार दिला, बोलू शकत नाहीत, मुलाकडे गेले, वारले. हा तक्ता प्रबंधात छापा. माझ्या मते तो तुमच्या सगळ्या टक्केवारीपेक्षा जास्त बोलतो. जे बोलू शकत नाहीत त्यांना गाळू नका. सांभाळणाऱ्याकडून माहिती घ्या, मात्र ती दुसऱ्याच्या तोंडची आहे अशी खूण करा. आणि तब्येत कशी वाटते, एकटं वाटतं का, हे प्रश्न अशा वेळी सोडून द्या.

वयाचा घोळ

‘आपलं वय किती?’ या प्रश्नाला साठ, पासष्ट, सत्तर अशी गोल उत्तरं येतात आणि विद्यार्थी ती तशीच भरतो. मग आधार कार्ड बघतो, तर तिथं अंदाजानं टाकलेली १ जानेवारी. कागदावरचं वय पुढंमागं असण्याला कारणंही आहेत. ज्येष्ठांच्या २००७ च्या निर्वाह कायद्यात वय ६०, श्रावणबाळ योजनेला ६५, एसटीत ६५ नंतर अर्धं तिकीट आणि ७५ नंतर मोफत, आयुष्मानचं वयवंदना कार्ड ७० ला. एवढ्या पायऱ्या असल्यावर वय नुसता आकडा राहत नाही. त्यामुळं ‘ज्येष्ठ म्हणजे ६०+’ एवढं लिहून पुढं जाऊ नका. ६० च का धरलं ते एका परिच्छेदात सांगा.

खरं वय काढायला घटनांची यादी करून न्या. आपल्या भागाला त्यासाठी कोयनेचा भूकंप आहे: ११ डिसेंबर १९६७, पहाटे. ‘तेव्हा तुम्ही शाळेत होता का, लग्न झालं होतं का, कडेवर कोण होतं?’ असं विचारा. पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ. खडी फोडायला गेलेली बाई तेव्हा केवढी होती हे तिला पक्कं आठवतं. दोन घटना जुळल्या की वय दोन-तीन वर्षांच्या आत येतं. तेवढं पुरे.

याच्याशीच चिकटलेली दुसरी चूक म्हणजे वय आणि पिढी यांची गल्लत. साठीतली बाई दवाखान्यात स्वतःहून जाते, ऐंशीतली जात नाही, म्हणून ‘वय वाढेल तशी आरोग्याबाबत उदासीनता वाढते’ असं लिहून मोकळे होतात. अहो, ऐंशीतली शाळेतच गेलेली नाही. हा फरक म्हातारपणाचा नसून ती कोणत्या काळात वाढली याचा असू शकतो, आणि एकदाच केलेल्या पाहणीत हे दोन्ही वेगळे करता येत नाहीत. तसंच ‘नव्वदीतले काटक असतात’ हे. जे काटक नव्हते ते नव्वदीपर्यंत पोचलेच नाहीत.

शेजारी कोण बसलंय?

मुलाखत सोप्यात, सून चहा ठेवतेय, मुलगा खुर्चीत. आणि प्रश्न आहे, ‘घरातले औषधपाण्याचं बघतात का?’ उत्तर येणार, ‘बघतात की, काय कमी नाही.’ नंतर या उत्तराची टक्केवारी निघते आणि ‘ग्रामीण भागात एकत्र कुटुंबामुळे वृद्ध सुरक्षित’ असा निष्कर्ष छापला जातो. असे प्रश्न मागे ठेवा. पहिल्या भेटीत नुसती ओळख, दुसऱ्या भेटीत शेतावर, देवळात किंवा पारावर गाठा. घरात दोघं विद्यार्थी गेलात तर एकानं सुनेशी बोलावं. तिचंही म्हणणं ऐकण्यासारखं असतं. सांभाळण्याचं ओझं बहुधा तिच्यावरच असतं आणि ती स्वतः पन्नाशीच्या पुढं असते. जिथं कुणी तिसरं हजर होतं तिथं प्रश्नावलीच्या कोपऱ्यात तशी नोंद करा आणि ती उत्तरं नंतर वेगळी तपासा.

संमतीपत्रावर अंगठा मागितला की माणूस बिथरतो, तेही इथलंच. सातबाऱ्यावरून भावाभावांत कज्जे बघितलेल्या म्हाताऱ्याला बिनओळखीच्या पोरानं कागदावर अंगठा मागणं संशयाचंच वाटणार. घरच्या वादात नसलेला साक्षीदार ठेवा, मजकूर मोठ्यानं वाचून दाखवा. तोंडी संमती ध्वनिमुद्रित करायची असेल तर आचार समितीची (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची) परवानगी आधी घ्या. तुम्ही कुठल्या योजनेचे नाही हेही स्वच्छ सांगा, नाहीतर अनुदान बुडेल म्हणून उत्पन्न कमी सांगितलं जातं, नाहीतर मिळेल म्हणून आजार वाढवून.

जतच्या पूर्व भागात जाणार असाल तर कन्नड येणारा जोडीदार न्या. एवढंच.

परदेशी मापपट्ट्या

रोजची कामं स्वतः करता येतात का, हे मोजायला लॉटन आणि ब्रोडी यांची १९६९ ची मोजपट्टी सर्रास वापरतात. तिच्या मूळ रूपात स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं यांचे गुण पुरुषांना लावत नसत. ती तशीच उचलून सगळ्यांना सगळे प्रश्न विचारले की आयुष्यात चूल न पेटवलेले आजोबा ‘परावलंबी’ ठरतात, आणि पैशाचा व्यवहार कधी हातात न दिलेली धडधाकट आजीही. ‘करता येत नाही’, ‘कधी केलंच नाही’ आणि ‘करू देत नाहीत’ असे तीन रकाने ठेवा. इथल्या जगण्यातले प्रश्न घाला: बाजाराला एकट्यानं एसटीनं जाता का, परसातल्या संडासला रात्री जाता का, खाली बसून उठता येतं का. प्रश्न बदललेत तर आधी काही घरांत करून बघा आणि बदल प्रबंधात नोंदवा. मग जुन्या अभ्यासांशी गुणांची थेट तुलना मात्र करू नका.

‘तुम्हाला साखर आहे का?’ याचं ‘नाही’ हे उत्तर कधी तपासलंच नाही असंही असतं. आयुर्मान जास्त असलेल्या केरळमध्ये लोक जास्त आजार सांगतात आणि ते कमी असलेल्या बिहारमध्ये कमी, हा विरोधाभास अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये मांडला होता. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावाची माण-खटावच्या वाडीशी तुलना करताना हेच होईल. म्हणून ‘शेवटचं रक्त कधी तपासलं?’ हा प्रश्न आधी.

आकडे उचलतानाही भान ठेवा. देशातली मोठी वृद्धत्व पाहणी, २०१७-१८ ची लासी, ४५ वर्षांवरच्या ७२ हजारांहून अधिक लोकांची आहे. ती राज्यापर्यंत बोलते, जिल्ह्याबद्दल नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या जिल्हा पत्रकातला रक्तदाबाचा आकडा १५ वर्षांवरच्या सगळ्यांचा असतो. तो ‘सांगलीतील वृद्ध’ म्हणून छापू नका. जुन्या जनगणनेतला ‘सातारा’ घेतला तर १९४९ पर्यंत आजच्या सांगलीचा मोठा भाग त्यातच होता, हेही बघा.

पाहणी कधी करता यावर एकाकीपणाचं उत्तर बदलतं. मे महिन्यात, यात्रांच्या दिवसांत, मुंबई-पुण्याची पोरं गावात असतात. श्रावणात तीच घरं कुलपं लावलेली किंवा एका म्हाताऱ्या माणसाची. आषाढ वारीच्या दिवसांत लोणंद-फलटण पट्ट्यात चालती म्हातारी माणसं पालखीबरोबर गेलेली असतात, घरी सापडतात ती न चालणारी. सगळ्या मुलाखती एकाच मोसमात उरकल्या असतील तर महिना शीर्षकाजवळच लिहा.

एकटेपणाच्या प्रश्नांवर कुणी जगणं नको झाल्याचं बोललं तर पुढचा प्रश्न विचारत सुटू नका. मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेलिमानस १४४१६ आणि ज्येष्ठांची एल्डरलाइन १४५६७ हे नंबर खिशात असू द्या, जवळच्या आरोग्य केंद्राशी आधीच बोलून ठेवा आणि गाइडना त्याच दिवशी कळवा. या प्रसंगी काय करणार हे आचार समितीच्या अर्जातच लिहिलेलं असलं पाहिजे. तिथं ‘लागू नाही’ लिहिलेला अर्ज परत पाठवावा, असं मला वाटतं.